समुद्रावरून आलेली बुलेट : एका धुलाईचे पूर्ण प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कोकणात जाऊन आलेली एक रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आमच्याकडे धुलाई आणि डिटेलिंगसाठी आली, तेव्हा मालकाची तक्रार एवढीच होती की परत आल्याबरोबर गाडी धुऊन घेतली, तरी दोन आठवड्यांत तिला जागोजागी गंज धरला. गंजाचे खापर त्याने समुद्रावर फोडले होते आणि ते काही अंशी खरेही होते. परंतु गाडी उघडून पाहिल्यावर माझे मत असे झाले की समुद्राने केले त्याहून अधिक नुकसान त्या पहिल्या धुलाईने केले होते. सबंध काम त्याच निष्कर्षाभोवती आखावे लागले, म्हणून ते तपशिलाने मांडत आहे.

गाडी काळ्या चकचकीत रंगाची, स्पोकच्या चाकांची, क्रोमच्या सायलेन्सरची. ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि मंडणगड करत ती दापोलीला गेली, तेथून दाभोळ ते धोपावे या फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागरला पोहोचली, आणि परतीला चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, सातारा अशा मार्गाने पुण्यात आली. या प्रवासात दोन गोष्टी तिला चिकटल्या. पहिली म्हणजे कोकणातली जांभ्याची तांबडी माती, जी पिठासारखी बारीक असते आणि ओली झाली की प्रत्येक फटीत जाऊन बसते. दुसरी म्हणजे मीठ. दापोलीजवळच्या कर्द्याच्या पुळणीवर ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की गाडी डांबरी रस्त्यासारखी चालते, आणि मालकाने तेथे लाटेच्या कडेकडेने गाडी पळवली होती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पुढच्या चाकाने उडवलेले ते पाणी इंजिनाच्या पुढच्या बाजूवर, सायलेन्सरच्या सुरुवातीच्या गरम नळीवर आणि मडगार्डच्या आत बसते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

पुण्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्याकडेच्या एका वॉशिंग सेंटरवर गेली. शे-दीडशे रुपयांत जे मिळते ते सगळे तिला मिळाले : जोरदार प्रेशरचे पाणी, साबणाचा फेस, त्याच दिवशी दहा गाड्या पुसलेले फडके, इंजिनावर डिझेलचा फवारा आणि टायरला काळे पॉलिश. गाडी नव्यासारखी दिसू लागली. मालकाने समाधानाने तिच्यावर रेक्झिनचे कव्हर चढवले आणि ती पार्किंगच्या तळघरात आठवडाभर उभी राहिली.

येथे मिठाच्या स्वभावाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून ठरला. लोखंड गंजायला प्राणवायू आणि ओलावा दोन्ही लागतात, आणि मीठ ओलावा स्वतःच ओढून आणते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध खाण्याचे मीठही हवेतले पाणी घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या क्षारांत मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते ३५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही ओले राहते. म्हणजे नोव्हेंबरमधल्या पुण्याच्या कोरड्या वाटणाऱ्या हवेतसुद्धा गाडीच्या फटींतले क्षार पूर्ण वाळत नाहीत, आणि कव्हरखाली तर मुळीच नाहीत. शिवाय अॅल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा जो पातळ संरक्षक थर असतो, त्याला क्लोराइड नेमकी छिद्रे पाडते. गाडी कोकणात ठीक होती आणि पुण्यात येऊन गंजली, याचे मालकाला आश्चर्य वाटत होते; वस्तुतः गंज कोकणातच सुरू झाला होता, दिसू लागला तो पुण्यात.

डिझेलचा फवारा या परिस्थितीत का घातक ठरला, हेही यातूनच कळते. मीठ पाण्यात विरघळते, डिझेलमध्ये विरघळत नाही. प्रेशरच्या पाण्याने उघड्या भागावरचे मीठ निघाले, परंतु इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पाकळ्यांच्या मुळाशी, बोल्टच्या डोक्यांभोवती आणि ब्रॅकेटच्या मागे ते राहिले, आणि त्यावर डिझेलचा तेलकट पापुद्रा बसला. नंतर मालकाने घरी दोन बादल्या पाणी ओतून पाहिले, ते या पापुद्र्यावरून ओघळून गेले आणि मिठापर्यंत पोहोचलेच नाही. डिझेलची चमक दोन दिवस टिकते आणि नंतर त्यावर धूळ चिकटते. रबराचे पाइप आणि सील त्याने फुगतात, ते वेगळेच. एवढे असूनही ही पद्धत चालू आहे, कारण गिऱ्हाईक गाडी ताब्यात घेताना इंजिन चमकते आहे की नाही एवढेच पाहते.

तपासणी नेहमी गाडी कोरडी असताना, सावलीत, डबल स्टँडवर उभी करून आणि हातात टॉर्च घेऊन करावी. ओल्या गाडीत दोष दिसत नाहीत. स्पोक जेथे रिमला मिळतात तेथल्या बहुतेक निपलांवर, म्हणजे स्पोक आवळायच्या बारीक नटांवर, नारिंगी गंज होता. क्रॅंककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या अॅल्युमिनियमच्या कवचाच्या, खालच्या कडेला, वरचे पारदर्शक लॅकर जेथे उडाले होते तेथे, पांढरी भुकटी आली होती. सायलेन्सरच्या क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढ्या तपकिरी पुटकुळ्या होत्या. चेनच्या बाहेरच्या पट्ट्या तांबूस झाल्या होत्या आणि मागचे चाक हाताने फिरवले की दोन कड्या दातेरी चाकावरून जाताना वाकायला कुरकुर करत होत्या. पुढचा ब्रेक किंचाळत होता आणि नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागत होता. हॉर्न कधी वाजे, कधी नाही. टँकवर टॉर्च तिरपा धरला की बारीक गोल ओरखड्यांचे जाळे दिसे. ते त्या फडक्याचे काम होते. पुढच्या मडगार्डच्या आतल्या ब्रॅकेटमागे बोट घातले, तर चिमूटभर ओली वाळू हाताला लागली. प्रेशरचे पाणी तेथे पोहोचलेच नव्हते.

मालकाने विचारले, "काका, पॉलिश मारलं की हे सगळं जाईल ना?" त्याला सांगितले की पॉलिश सगळ्यात शेवटी येईल आणि सगळ्यात कमी महत्त्वाचे असेल.

मीठ खरोखर उरले आहे का, हे तपासायला आमच्याकडे एक साधे साधन असते : पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे, घरोघरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ते टीडीएस मीटर. खडकवासल्याच्या साखळीतून येणारे महापालिकेचे पाणी मऊ असते आणि त्यात क्षार कमी असतात, म्हणून त्याचे आधी माप घ्यायचे, मग तेच पाणी इंजिनाखालच्या फटींतून हळूहळू सोडून खाली स्वच्छ ताटलीत धरायचे आणि पुन्हा मोजायचे. ताटलीतल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट आला. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी हे मोजमाप जपून करावे, कारण दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार भरपूर असतात. शिवाय असे पाणी गाडीवर वाळले की पांढरे डाग पडतात.

कामाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवावा लागला. एरवी गाडी वरून खाली धुतात, कारण वरची घाण खाली येते. येथे मात्र खालचा अर्धा भाग आधी घेतला, आणि तोही पाण्याने नव्हे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळ केलेले डिग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) मऊ ब्रशने डिझेलच्या पापुद्र्यावर लावले, काही मिनिटे थांबून, वाळू न देता, धुऊन टाकले. डिग्रीझर जोरदार क्षारीय असेल तर अॅल्युमिनियम काळवंडते, म्हणून ते सौम्य घेतले आणि एकदाच लावण्यापेक्षा पुन्हा थोडे लावणे पसंत केले. पाणी इंजिनावर थेंबाथेंबाने ओघळायचे थांबून धातूवर सपाट पसरू लागले, की पापुद्रा गेला असे समजायचे.

त्यानंतर मीठ काढायचे पाणी. यात प्रेशर उपयोगाचे नाही, वेळ उपयोगाचा आहे. पाणी तापवण्याचाही उपयोग नाही, कारण साधे मीठ १०० मिलिलिटर पाण्यात थंडपणी जेवढे विरघळते (सुमारे ३६ ग्रॅम) त्याहून उकळत्या पाण्यात फारसे जास्त विरघळत नाही. सीट आणि बाजूची पॅनेल्स उतरवली, सायलेन्सरचे तोंड आणि किल्लीचे भोक झाकले, आणि बागेच्या नळीला झारीचे तोंड लावून मंद धारेने प्रत्येक फट भिजवली, थांबलो, पुन्हा भिजवली. खालचे पाणी ताटलीत धरून मोजत राहिलो आणि त्याचा आकडा नळाच्या पाण्याजवळ आल्यावरच थांबलो. पाण्याचा हा खर्च मला स्वतःला बोचतो, विशेषतः पाणीकपातीच्या दिवसांत. परंतु पाण्याशिवाय गाडी पुसण्याचे जे फवारे मिळतात ते मिठावर चालत नाहीत. जेटची धार जवळून मारली असती तर पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये, हँडल ज्यावर फिरते त्या कोनसेटच्या बेअरिंगमध्ये आणि वायरींच्या जोडांत शिरले असते. हॉर्नचे बटण बहुधा असेच बिघडले होते. त्याचे स्विच-घर उघडल्यावर आत हिरवट थर मिळाला. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो काढून, वाळवून, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ लेप दिल्यावर हॉर्न नीट वाजू लागला.

पुढच्या शॉकअपकडे विशेष लक्ष दिले, कारण धूळसीलच्या कडेला वाळूचे कण अडकले होते. अशी गाडी तशीच चालवली की प्रत्येक खड्ड्याला ते कण सीलखाली सरकतात आणि नळीवर उभे ओरखडे पडतात. मग तेल गळू लागते आणि ते ब्रेकच्या डिस्कवर येते. धूळसील प्लास्टिकच्या बोथट पट्टीने अलगद उचलून खालचे कण पाण्याने बाहेर काढले आणि सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवले.

ब्रेकचे पॅड काढल्यावर प्रश्न लगेच सुटला. घर्षणाच्या पृष्ठभागावर तेलाचा काळसर डाग होता आणि तो डिझेलच्या फवाऱ्याचाच असणार, कारण शॉकअप गळत नव्हते. पॅडचा माल सच्छिद्र असतो आणि एकदा तेल प्यायला की कागदाने घासून किंवा क्लीनर मारून तो भरवशाचा होत नाही. मालकाला पॅड अजून जाड दिसत होते आणि नवे घेणे उधळपट्टी वाटत होती. यावर मी तडजोड केली नाही. पॅड बदलले, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावले. डिस्कवर आलेला तांबूस गंज वरवरचा होता. तो पहिल्या काही ब्रेकांत निघून गेला.

चेनसाठी रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश वापरला. ओ-रिंगच्या चेनमध्ये प्रत्येक कडीच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते आणि ते रबराच्या बारीक रिंगा अडवून धरतात. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला तर त्या रिंगाच जातात आणि मग बाहेरून कितीही तेल सोडले तरी आतली पिन कोरडीच राहते. या सबंध कामात इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचे. गिअर टाकून इंजिनवर चेन फिरवत फडके धरणारे लोक मी पाहतो आणि त्यांची बोटे अजून शाबूत आहेत याचे नवल करतो. चेन पुसून कोरडी झाल्यावर तिच्या खालून जाणाऱ्या भागाच्या आतल्या बाजूने ल्यूब (चेनचे वंगण) सोडले, ते रात्रभर मुरू दिले आणि सकाळी जास्तीचे पुसून काढले. अडकणाऱ्या दोन कड्यांपैकी एक मोकळी झाली. दुसरी किंचित ताठच राहिली, आणि ती ताठ आहे असे जॉबकार्डवर लिहून दिले.

क्रोमवरच्या पुटकुळ्यांसाठी स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद पुरतो. त्याची चुरगळलेली गोळी पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायची. क्रोम अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत, आणि थोड्याच वेळात करडी-काळी पेस्ट तयार होऊन गंज तिच्यात येतो. ती पुसल्यावर खाली चकचकीत क्रोम दिसले, पण जवळून पाहिले तर प्रत्येक पुटकुळीच्या जागी सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र होते. सजावटीच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि खरे संरक्षण त्याखालच्या निकेलचे असते. गंज वर आला याचा अर्थ तेथे दोन्ही थर फुटले आहेत. ही छिद्रे कोणत्याही पॉलिशने भरत नाहीत. त्यांच्यात पाणी शिरू नये म्हणून मेणाचा थर द्यायचा आणि तो वरचेवर द्यायचा, इतकेच हाती असते. स्पोकच्या निपलांसाठी लोखंडी लोकर जाणूनबुजून टाळली, कारण तिचे तुटलेले केस तेथेच राहून स्वतः गंजतात. नायलॉनचा खरखरीत पॅड वापरला आणि गंजरोधक मेण फडक्याने लावले. ते फवाऱ्याने मारले असते तर डिस्कवर गेले असते.

स्पोकच्या चाकात पाणी निपलांच्या भोकांतून रिमच्या आतही जाते, आणि हे बाहेरून कळत नाही. मालकाची संमती घेऊन पुढचे टायर उतरवले. रिमपट्टीखाली निपलांच्या डोक्यांभोवती गंजाची वर्तुळे होती आणि थोडी तांबडी चिखलाची खपली होती. ते साफ करून, वाळवून, नवी रिमपट्टी घातली. मागचे टायर बदलण्याच्या बेतात होतेच, म्हणून त्याचे आतले काम तेव्हासाठी ठेवले.

वरचा भाग धुणे या सगळ्यापुढे सोपे होते. दोन बादल्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी, आणि टँकसाठी वेगळे मायक्रोफायबर, खालच्या भागासाठी वेगळे. भांड्यांचा साबण वापरला नाही, कारण रंगावर उरलेले मेण तो धुऊन नेतो. टँकच्या ओरखड्यांबाबत मात्र मालकाशी थोडा वाद झाला. त्याला रबिंग मारून काच करून हवी होती. रंगावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअरकोटची, जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, रबिंगच्या कम्पाउंडच्या प्रत्येक फेरीत त्यातला काही भाग कायमचा जातो, आणि टँकच्या कडांवर व उभारीवर तो मुळातच पातळ असतो. गाडी तरुण आहे, पुढे अजून बरीच वर्षे तिच्यावर ओरखडे पडणार आहेत. म्हणून सजावटीच्या रेषांवर टेप लावून, फक्त बारीक फिनिशिंग पॉलिश हाताने फिरवले. जाळे बहुतेक दिसेनासे झाले, दोन खोल ओरखडे राहिले आणि ते राहू दिले. वर कार्नौबा मेण दिले. मालकाने सिरॅमिक कोटिंगविषयी विचारले होते. त्याला हरकत नाही, परंतु मिठाचा प्रश्न टँकवर नसून टँकखाली आहे.

क्रॅंककेसवरची पांढरी भुकटी पातळ केलेल्या व्हिनेगरने आणि मऊ ब्रशने निघाली, आणि नंतर भरपूर पाण्याने जागा धुतली. लॅकरच्या खाली सरकलेले डाग मात्र लॅकर काढल्याशिवाय जात नाहीत. ते काढून पुन्हा देण्याचा खर्च आणि परिणाम यांचा मेळ बसत नव्हता, त्यामुळे त्याला हात लावला नाही.

वाळवण्याला धुण्याइतकाच वेळ दिला. फडक्याने वरचे पाणी टिपले, हवेच्या ब्लोअरने बोल्टची डोकी, पाकळ्या, स्विच आणि कॅलिपर यांतले पाणी बाहेर काढले, आणि फडक्याने पुसून झाले असे वाटलेल्या जागांतूनही पाणी उडत होते. मग इंजिन चालू करून तापू दिले आणि गाडी थोड्या अंतरावर नेऊन, वेग कमी ठेवून, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून लावले, म्हणजे पॅड आणि डिस्क कोरडे झाले व नवे पॅड बसायला सुरुवात झाली. सीटला आणि टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागाला काहीही लावले नाही. चमकणाऱ्या सीटवरून घसरण्याची हौस कुणाला असते, हे मला न उमगलेले कोडे आहे.

मालकाला सांगण्यासारखे फारसे नव्हते. पुळणीवर गाडी घालूच नये, हे सांगून झाले आणि तो हसला. म्हणून दुसरे सांगितले : कोकणात असतानाच, त्याच संध्याकाळी, जेथे मुक्काम असेल तेथल्या नळावर गाडीचा खालचा भाग मंद धारेने दहा-पंधरा मिनिटे भिजवायचा, कारण ओले मीठ काढणे वाळलेल्या मिठापेक्षा कितीतरी सोपे असते, चेनला तेथेच ल्यूब द्यायचे, आणि पुण्यात परतल्यावर कुणालाही इंजिनावर डिझेल मारू द्यायचे नाही. गाडी कोरडी झाल्याशिवाय कव्हर घालू नये, आणि घालायचेच तर हवा खेळेल असे कापडी घ्यावे.

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा आली. पुढचा ब्रेक, हॉर्न आणि शॉकअप यांत तक्रार नव्हती. मागच्या चाकाच्या काही निपलांवर गंज परतला होता. मागचे टायर त्याच वेळी बदलायचे असल्याने ती निपले नवी घातली आणि रिमच्या आतला भाग पुढच्यासारखाच साफ केला. क्रॅंककेसवरचा लॅकरखालचा डाग थोडा वाढला होता. चेनची ती ताठ कडी तशीच होती आणि तिच्या शेजारची दुसरी आखडू लागली होती, त्यामुळे चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकत्र बदलायला सांगितले. मालक यंदा दिवाळीत पुन्हा गुहागरला जाणार आहे, आणि चेनसेट त्याआधी नव्हे तर तिकडून आल्यावर बसवायचा, असे त्याने ठरवले आहे.